मूळ ‘गॉडझिला’त अणुबॉम्ब नेमका कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या फिल्म क्लबमध्ये १९५४चा मूळ जपानी ‘गॉडझिला’, म्हणजे समुद्रातून आलेला अजस्र प्राणी टोकियो उद्ध्वस्त करतो तो चित्रपट, दाखवायचं चाललंय. विचारणाऱ्याने तो पूर्वी एकदा पाहिला होता, तेव्हा रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातल्या इमारती तुडवताना दिसला, बाकी विशेष काही नाही. मग याला अण्वस्त्रविरोधी चित्रपट का म्हणतात? ते खरंच चित्रपटात आहे की समीक्षकांनी मागाहून चिकटवलं? आणि मुलं खो खो हसायला लागली तर काय करायचं?

मी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो. कॉलेजच्या पोरांपासून निवृत्त मंडळींपर्यंत सगळ्यांना हा चित्रपट दाखवत आलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. अण्वस्त्रविरोध चित्रपटात आहे, आणि तोही चक्क पात्रांच्या तोंडी आहे. तुम्हाला तो दिसला नसेल तर कारणं दोन असू शकतात: तुम्ही पाहिलेली प्रत, आणि १९५४चा जपानी प्रेक्षक डोक्यात काय घेऊन थिएटरात शिरला होता हे आपल्याला ठाऊक नसणं.

आधी प्रतीचं बोलू. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात एक अमेरिकन पत्रकार होता का? असेल तर तो मूळ चित्रपट नव्हे. १९५६मध्ये अमेरिकन वितरकांनी रेमंड बर या नटाला घेऊन नवी दृश्यं चित्रित केली आणि ती मूळ चित्रपटात घुसवली. मूळ ९६ मिनिटांचा, हा ८० मिनिटांचा. त्या ८०तलीही बरीच मिनिटं बर यांनीच खाल्ली आहेत, म्हणजे जपानी चित्रपटातलं किती गेलं असेल ते बघा. प्राणी, आग, पळापळ हे सगळं राहिलं. माणसांची आपसातली बोलणी, संसदेतलं भांडण आणि शेवटचा इशारा यांवर कात्री चालली. त्यामुळे ती प्रत पाहून ‘यात काय एवढं?’ असं वाटलं असेल तर तुमचा दोष नाही. प्रत मिळवताना ‘गोजिरा’ हे जपानी नाव आणि इशिरो होंडा हे दिग्दर्शकाचं नाव तपासा, आणि लांबी ९६ मिनिटं आहे ना तेही बघा.

आता प्रेक्षकाच्या डोक्याचं. चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ला प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर ‘कॅसल ब्राव्हो’ नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. शास्त्रज्ञांचा अंदाज सहा मेगाटनांच्या आसपासचा होता, स्फोट निघाला १५ मेगाटनांचा, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर एक जपानी बोट ट्यूना पकडत होती, ‘दाइगो फुकुर्यू मारू’, बोटीवर २३ माणसं. पहाटे पश्चिमेला उजेड झाला आणि काही तासांनी डेकवर पांढरी राख पडू लागली. ती प्रवाळाची किरणोत्सारी राख होती. दोन आठवड्यांनी बोट याइझू बंदरात परतली तेव्हा माणसं आजारी होती आणि पकडलेला मासा बाजारात गेलासुद्धा होता. मग जो गदारोळ उडाला त्याची कल्पना मासे खाणाऱ्या कुणालाही करता येईल. बंदरांवर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, लावून मासळी तपासायला लागले, शेकडो बोटींचा माल नष्ट करावा लागला. पावसातही किरणोत्सार सापडू लागला. २३ सप्टेंबरला बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत हा चित्रपट पडद्यावर आला.

हे एवढं मनात ठेवून सुरुवातीचं दृश्य बघा. बोटीच्या डेकवर खलाशी निवांत पडलेत, कुणी गिटार छेडतोय, कुणी माउथ ऑर्गन वाजवतोय. समुद्र एकदम उकळल्यासारखा होतो, डोळे दिपवणारा उजेड पडतो, माणसं तोंड झाकून मागे हटतात. रेडिओच्या खोलीत ऑपरेटर संदेश पाठवत राहतो तोवर पाणी आत घुसतं. अजून राक्षसाचं नखही दिसलेलं नाही. आपल्या मुलांना ही भयपटाची नेहमीची सुरुवात वाटते. तेव्हाच्या प्रेक्षकाला ती त्याच वर्षीची बातमी होती.

मी वर्गात एकच सांगतो: राक्षस पडद्यावर नसतो तेव्हा कान उघडे ठेवा. ओडो नावाच्या काल्पनिक बेटावर शास्त्रज्ञांची तुकडी जाते तेव्हा पहिला उद्योग काय करते, तर विहिरीला गायगर काउंटर लावते आणि हे पाणी पिऊ नका म्हणून गावकऱ्यांना सांगते. पुढे टोकियोच्या लोकलमध्ये कामावर जाणारी तीन माणसं गप्पा मारताहेत. त्यातली तरुणी कुरकुरते की अणुवाला ट्यूना झाला, किरणोत्सारी पाऊस झाला, आता वर हा गॉडझिला. मग म्हणते, नागासाकीतून जीव वाचवून आले ते काय यासाठी? शेजारचा म्हणतो, चला, आता पुन्हा गाव सोडून कुठे जायचं ते शोधायला हवं. दृश्य मिनिटभराचंही नाही. कुणी रडत नाही, संगीत वाजत नाही. आपल्याकडे डब्यात पाणीकपातीवर बोलतात तशा सुरात ती बाई नागासाकीचं नाव घेते. मला विचाराल तर चित्रपटातला सर्वांत धारदार क्षण हाच आहे, आणि अमेरिकन प्रतीत तो नाही.

त्या बाईचं इतकं सहज बोलून जाणं किती नवं होतं हेही लक्षात घ्या. १९४५नंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. सुरुवातीची काही वर्षं तर बॉम्बच्या परिणामांवरच्या लिखाणावर आणि छायाचित्रांवर कडक सेन्सॉर होती. ताबा संपला एप्रिल १९५२मध्ये. त्याच ऑगस्टमध्ये ‘असाही ग्राफ’ या साप्ताहिकाने हिरोशिमा-नागासाकीची छायाचित्रं छापली, तेव्हा असंख्य जपान्यांनी ती पहिल्यांदा पाहिली. म्हणजे हे सगळं उघड बोलायला लागून जेमतेम दोन-अडीच वर्षं झाली होती.

मग येतो संसदेतला प्रसंग. जीवाश्मांचे अभ्यासक डॉ. यामाने समितीपुढे अहवाल मांडतात: बेटावरच्या पावलाच्या ठशात ट्रायलोबाइट हा केव्हाच नामशेष झालेला समुद्री जीव सापडला, वाळूत स्ट्रॉन्शियम-९० हे अणुस्फोटातून निघणारं किरणोत्सारी द्रव्य सापडलं, तेव्हा खोल समुद्रात दडलेला हा प्राणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे बाहेर पडलाय. (इथे यामाने डायनोसॉरचा काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा सांगून मोकळे होतात. विज्ञान शाखेचं एखादं पोर हात वर करेल, करू द्या.) लगेच एक ज्येष्ठ सदस्य उठतो: हे जाहीर करू नका, परराष्ट्र संबंध नाजूक आहेत, अर्थव्यवस्थेवर परिणाम होईल, लोक घाबरतील. समोरून महिला सदस्य ओरडतात की खरं ते खरं, जाहीर झालंच पाहिजे. सभागृहात आरडाओरडा, धक्काबुक्की होते. गंमत अशी की एवढं होऊनही चाचणी कुणाची हे नाव कुणी उच्चारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे म्हणूनच उच्चारत नाही. त्या महिला सदस्यांचा आवाजही हवेतून आलेला नाही. त्याच वर्षी टोकियोच्या सुगिनामी भागातून अण्वस्त्रबंदीसाठी सह्यांची मोहीम सुरू झाली होती, त्यात गृहिणी आघाडीवर होत्या, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या.

तरीही कुणाला शंका उरली तर पुढे ओगाता हा तरुण नायक यामाने यांना तोंडावर सांगतो की गॉडझिला म्हणजे अजूनही आम्हा जपान्यांच्या डोक्यावर टांगलेला हायड्रोजन बॉम्बच आहे. म्हणजे ‘समीक्षकांनी चिकटवलं का’ या प्रश्नाचं उत्तर पटकथेतच दिलेलं आहे.

इथवर मी तुमच्या शंकेविरुद्ध बोललो. आता थोडं तुमच्या बाजूने. ‘गॉडझिला म्हणजे हिरोशिमा’ असं सरळसोट समीकरण फळ्यावर लिहू नका, कारण पडद्यावर जे दिसतं ते त्यात मावत नाही. बॉम्ब एका क्षणात शहर संपवतो. गॉडझिला रात्रभर चालतो. शिनागावाकडून येतो, गिन्झातून जातो, घड्याळाचा मनोरा मोडतो, संसद भवन पाडतो, सुमिदा नदीवरचा काचिदोकी पूल उलथवून समुद्रात परततो, आणि मागे पेटलेलं टोकियो क्षितिजापर्यंत दिसतं. हे चित्र ९-१० मार्च १९४५च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्याचं आहे. तेव्हा अमेरिकन बी-२९ विमानांनी आगलावे बॉम्ब टाकून एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मारली होती. गिन्झातल्या इमारतीच्या पायथ्याशी एक बाई आपली मुलं पोटाशी धरून बसलीय आणि त्यांना सांगतेय की आता आपण बाबांकडेच चाललोय. हे बाबा बहुधा युद्धात गेलेले. चित्रपट तसं सांगत नाही, सांगायची गरजही नव्हती. होंडा स्वतः सैन्यात होते, चीनमध्ये वर्षानुवर्षं काढली, आणि १९४६मध्ये घरी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून आले. त्यांच्या डोक्यात ही सगळी चित्रं एकत्रच असणार.

पण रात्र संपल्यावर चित्रपट पुन्हा बॉम्बकडे येतो. इस्पितळात जखमींना जमिनीवर निजवलंय. एक शास्त्रज्ञ एका लहान मुलीजवळ गायगर काउंटर धरतो. पोरीच्या अंगावर फारशी जखम नाही, ती नुसती बघतेय. काउंटर कडकड वाजतो, शास्त्रज्ञ मान वर करतो आणि यामानेंच्या मुलीकडे, एमिकोकडे, पाहून नकारार्थी मान हलवतो. आगीत होरपळलेला आणि किरणोत्साराने गेलेला यांतला फरक या दोन-चार शॉटमध्ये सांगून झाला. माझ्या अनुभवात हसणं इथे पूर्ण थांबलेलं असतं.

हसण्याचं म्हणाल तर हसू द्या. ओडो बेटावर टेकडीमागून डोकं वर येतं तिथे हमखास हशा पिकतो, आणि तो शॉट आहेच तसा. दटावलंत तर मुलं चित्रपटाकडे न बघता तुमच्याकडे बघतील. मी फक्त आधी थोडी तांत्रिक माहिती देतो. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख एइजी त्सुबुराया ‘किंग काँग’चे मोठे चाहते. तसं एकेक फ्रेम हलवून प्राणी जिवंत करायला वेळही नव्हता आणि पैसाही, म्हणून पोशाख. तो सुमारे १०० किलोचा, आत हारुओ नाकाजिमा, वर दिव्यांची धग, चार पावलं टाकणंही मुश्कील. मिनिएचर शहर १:२५ प्रमाणात बांधलेलं. कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि जड वाटते. कॅमेरा खाली, वेळ रात्रीची, चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे पोशाखाच्या सुरकुत्यांवर सावल्या पडतात आणि कातडी जळून वर आल्यासारखी दिसते. ती कातडी बॉम्बमधून वाचलेल्यांच्या व्रणांची आठवण करून देते असं नेहमी म्हटलं जातं, आणि जवळच्या शॉटमध्ये बघितलं तर ते पटतं.

आवाजाकडेही लक्ष द्यायला सांगा. ती डरकाळी कुठल्या जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी कॉन्ट्राबास या व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याच्या तारा सैल करून त्यांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला आणि ते ध्वनिमुद्रण संथ करून वापरलं. इफुकुबे मूळचे वनशास्त्राचे. युद्धकाळात लाकडावर संशोधन करताना पुरेशा संरक्षणाशिवाय क्ष-किरण हाताळले आणि त्यातून आजारी पडले. किरणोत्सार म्हणजे काय हे त्यांनी अंगावर भोगलं होतं. पोरांना ही गोष्ट सांगितली की डरकाळी नीट ऐकतात.

आता ज्या गाठीसाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवतो तिच्याकडे येतो. डॉ. सेरिझावा या तरुण शास्त्रज्ञाचा एक डोळा युद्धात गेलाय. त्याच्याकडे गॉडझिलाला मारण्याचं साधन आहे: पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करून सजीवांना विरघळवणारं यंत्र. तो ते द्यायला नकार देतो. त्याचं म्हणणं: आधी अणुबॉम्बविरुद्ध अणुबॉम्ब, मग हायड्रोजन बॉम्बविरुद्ध हायड्रोजन बॉम्ब, आता यात हे नवं अस्त्र घालायचं? एकदा वापरलं की जगातले राजकारणी ते सोडणार नाहीत. कागद जाळले तरी ते माझ्या डोक्यात आहे, आणि मला कोण कधी बोलायला लावेल सांगता येत नाही. शेवटी टीव्हीवर शाळकरी मुलींचं शांतिगीत ऐकून तो तयार होतो, पण आधी सगळी टिपणं जाळतो. मग समुद्राच्या तळाशी यंत्र सुरू करून स्वतःची हवेची नळी कापतो.

इथे वर्गात भांडण होतं, आणि व्हावंच. कुणी म्हणतं, अण्वस्त्रविरोधी चित्रपट म्हणायचं आणि शेवटी त्याहून भयंकर अस्त्रानेच प्रश्न सोडवायचा, हा दुटप्पीपणा झाला. कुणी म्हणतं, शास्त्रज्ञ मेला तर ज्ञान मरतं थोडंच? मला स्वतःला चित्रपटाची ताकद या विसंगतीतच दिसते. सेरिझावाकडे निर्दोष पर्याय नाही, आणि पटकथाही तसा पर्याय असल्याचा आव आणत नाही. प्राणी मेल्यावर बोटीवर जल्लोष होतो खरा, पण यामाने एका बाजूला बसून पुटपुटतात की हा काही शेवटचा गॉडझिला नसावा, चाचण्या चालूच राहिल्या तर जगात कुठेतरी पुन्हा एक येईल. अमेरिकन प्रतीत हे वाक्य गेलं आणि जगाला पुन्हा मोकळा श्वास घेता आला, अशा सुरात चित्रपट संपला. दोन्ही शेवट लागोपाठ दाखवता आले तर जरूर दाखवा, संकलनाचा अख्खा तास वाचेल.

चित्रपटात जे नाही त्याबद्दलही बोला. जपानी सैन्याने चीनमध्ये, आग्नेय आशियात काय केलं याचा इथे उल्लेखही नाही. जपान सोसणारा आहे, एवढंच. होंडा चीनमध्ये लढून आलेले असताना ही चुप्पी जास्त खटकते, निदान मला तरी. त्यामुळे चित्रपट लहान ठरतो असं मी म्हणणार नाही, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मुद्दा काढला तर बाजूला सारू नका.

आपल्याकडचा एक खरा धागा आहे, तो आवर्जून सांगा. ब्राव्हो चाचणीनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ला, पंडित नेहरूंनी लोकसभेत निवेदन करून मागणी केली की करार होईल तेव्हा होईल, तोवर निदान या चाचण्या तरी स्थगित करा. यामाने जे बोटीवर पुटपुटतात तेच दिल्लीत सभागृहात बोललं गेलं होतं. ‘जपान्यांचं दुःख, आपल्याला काय’ असं वाटणाऱ्या मुलांचं कुतूहल यानंतर थोडं जागं होतं.

किती सांगायचं हे मात्र समोर कोण आहे यावर ठरवा. ‘गॉडझिला मायनस वन’ हा २०२३चा जपानी चित्रपट थिएटरात पाहून आलेली मुलं असतील तर त्यांना युद्धोत्तर जपानची थोडी कल्पना असते, पण वेगाची अपेक्षाही जास्त असते. मूळ चित्रपटात पहिला अर्धा तास संथ आहे हे त्यांना आधीच सांगून टाका. ज्येष्ठांना इतिहास सांगावा लागत नाही, पण पडद्याखालची इंग्रजी अक्षरं भराभर जातात, म्हणून मी लोकलमधल्या आणि संसदेतल्या संवादांचा मराठी सारांश एका पानावर छापून वाटतो. आठवी-नववीच्या खालच्या मुलांना दाखवत असाल तर इस्पितळाचं दृश्य तुम्ही स्वतः आधी पाहून निर्णय घ्या. पुढच्या भागांमध्ये गॉडझिला हळूहळू मुलांचा लाडका झाला, पृथ्वीचा रक्षकही झाला, त्यामुळे ‘तो चांगला की वाईट?’ हा प्रश्न येणारच. या चित्रपटापुरतं उत्तर एवढंच की त्यालाही बॉम्बने त्याच्या घरातून हुसकून काढलंय. यामाने त्याला मारण्याऐवजी अभ्यासायला हवं म्हणतात ते उगीच नाही.

चित्रपटाआधी भाषण देऊ नका. बिकिनीची चाचणी, ती बोट, ट्यूना आणि टोकियोची आग, एवढं पाच मिनिटांत सांगा आणि दिवे घालवा. नंतर ‘गॉडझिला कशाचं प्रतीक आहे?’ असं विचारू नका, कारण त्याचं पाठ उत्तर सगळ्यांकडे असतं आणि चर्चा तिथेच आटोपते. यामानेंचा अहवाल जाहीर करायला हवा होता का, हे विचारा. दोन गट आपोआप पडतात. हॉल मागताना अडीच तासांचा मागा, दोन तासांत चर्चा गुंडाळावी लागते.